आवाज आहे, चित्र नाही

१

विषय: विश्रामबाग, सांगली येथील राहत्या घराच्या हॉलमधील टीव्हीचा आवाज येणे, परंतु चित्र न येणे, तसेच सदर आवाजाबाबत.

संदर्भ: श्री. सुकुमार मगदूम, सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक, यांची कंपनीकडील तोंडी तक्रार, त्यानंतरची लेखी तक्रार आणि त्यानंतरची पुन्हा तोंडी तक्रार, तिच्यात वापरलेले काही शब्द वगळून.

उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, टीव्ही बिघडला तेव्हा मगदूम नुकतेच जेवून उठले होते. मगदूमांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. बाकीच्या सांगलीची संध्याकाळ सुरू होते तेव्हा यांची संपत आलेली असते, आणि उरलेल्या वेळेचं काय करायचं हा प्रश्न टीव्हीवर सोपवलेला असतो. मुलगी कीर्ती साताऱ्याला असते. तिनेच तो टीव्ही घेऊन दिला होता, भिंतीवर टांगायचा, पातळ, दाराएवढा रुंद.

बातम्या देणारा माणूस बोलता बोलता काळा झाला. बोलायचा मात्र थांबला नाही.

"आवं, काय दाबलासा?" चंदनबालांनी विचारलं.

"मी काही दाबलेलं नाही. मी नुसता बघत होतो."

"एवढं रागानं बघितल्यावर काय हुईल?"

रागावणं हा मगदूमांचा स्वभाव नव्हता, ती त्यांची कार्यपद्धती होती. कोयनानगरच्या वसाहतीत नोकरीला असताना भूकंपाचा धक्का बसला की बाकीचे कर्मचारी बाहेर पळायचे. मगदूम आधी "कोण आहे रे तिकडे" असं ओरडायचे आणि मग पळायचे. निवृत्तीनंतर ओरडायला माणसं कमी पडू लागली होती. टीव्ही बिघडला आणि ती अडचण दूर झाली.

२

कंपनीच्या तक्रार केंद्राने त्यांना बरीच गाणी ऐकवली. मधून मधून एक बाई सांगत होती की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. इतका महत्त्वाचा असेल तर उचला, असं मगदूमांनी तिला दोनतीनदा सुचवलं. अखेर एक मुलगा फोनवर आला आणि त्याने विचारलं, "सर, टीव्ही बंद करून परत चालू केला का?"

"बाळा," मगदूम म्हणाले, "सरकारात आम्ही हाच उपाय फायलींवर करायचो. त्याने एकही फाईल सुधारली नाही."

मेकॅनिक येईल, असं ठरलं. केव्हा, ते ठरलं नाही.

तोवर मगदूमांनी स्वतः चौकशी समिती नेमली. प्लग तपासला, रिमोटचे सेल बदलले, केबल काढून फुंकून परत बसवली. मग मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ सापडला. पडद्याच्या मागे दिव्यांच्या पट्ट्या असतात. त्या गेल्या की चित्र तयार होत राहतं, पण त्याला उजेड नसतो. खोलीत अंधार करावा, टॉर्च पडद्याला टेकवून तिरका धरावा. टॉर्चपुरतं चित्र दिसेल.

त्यांनी पडदे ओढले आणि टॉर्च तिरका धरला. ताटाएवढ्या गोलात राखाडी रंगाचा टाय दिसला, टॉर्च वर नेला तर बोलणारी हनुवटी दिसली.

"सापडलं," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते खुशीत होते. "बघ. चित्र आहे. फक्त उजेड नाही."

चंदनबालांनी पदराने हात पुसत वाकून पाहिलं. "म्हंजे आत सगळं चाललंय."

"चाललंय."

"आपल्याला दिसत न्हाई, एवढंच."

"एवढंच."

"मग बंद करा ते. आपण बघत न्हाई आन् ते आपलं चाललंय, बरं वाटत न्हाई मला."

मगदूम हसले. ते हसणंही थोडं रागाचंच होतं.

३

तक्रार केंद्राने पुढची सूचना दिली: मेकॅनिक येण्याआधी टीव्हीच्या सगळ्या वायरी काढून ठेवा, फक्त विजेची राहू द्या. मगदूमांनी डिशचा डबा काढून कपाटात टाकला. आता टीव्हीला बाहेरून काही येण्याचा संबंध उरला नव्हता.

त्या संध्याकाळी त्यांनी टीव्ही लावला. लेखी तक्रारीत त्यांनी "आवाज येतो" असं नमूद केलं होतं. तो येतो की नाही याची वेळोवेळी खातरजमा करणं हे तक्रारदाराचं काम, असं त्यांचं मत होतं. डबा नसताना तो यायचं कारण नव्हतं.

आला.

बातम्या नव्हत्या, गाणं नव्हतं. एका घराचा आवाज होता. कुठे तरी पंखा फिरत होता आणि दर फेरीला खट करत होता. खुर्ची सरकली. भांड्यात भांडं ठेवलं गेलं. मग खूप लांबून, फाटकापाशी उभं राहून बोलावं तसा, एका पुरुषाचा सभ्य आवाज आला.

"बरंय, येतो मी."

"हां, या," स्वयंपाकघरातून चंदनबाला म्हणाल्या.

मगदूम उठून दारात गेले. त्या कट्टा पुसत होत्या.

"कुणाला निरोप दिलास?"

"कोण तरी निघालं न्हवं?"

"टीव्हीतलं."

"असंना. येतो म्हणलं की या म्हणावं. त्यात आपलं काय जातंय?"

डब्याशिवाय आवाज कसा, हा प्रश्न मगदूमांनी रीतसर हाताळला. हवेतून मोबाईलचा आवाज दुसऱ्याच्या टीव्हीत घुसतो, असं त्यांनी वाचलं होतं. म्हणजे वरच्या मजल्यावरचे भाऊसो. मगदूम जिना चढून गेले आणि त्यांनी भाऊसोंना त्यांचा मोबाईल आवरायला सांगितलं.

भाऊसो ट्रकवर आयुष्य काढलेला माणूस. त्यांनी शांतपणे खिशातला मोबाईल काढून दाखवला. "आवं मगदूमसाहेब, बटणाचा हाय ह्यो. ह्याचा आवाज मला ऐकू यायला लागला तरी मी पेढं वाटीन, तुमच्या टीव्हीत कुठनं जातोय?"

मगदूम रागारागाने खाली आले. कुणावर रागवायचं ते न ठरल्यामुळे राग सगळ्या पायऱ्यांवर सारखा वाटला गेला.

४

त्यानंतर जेवणं झाली, बाहेर दिवेलागण झाली की टीव्हीत ते घर सुरू व्हायचं, आणि निरोपही रोज यायचा. चंदनबाला सवयीने "या" म्हणायच्या, मगदूम सवयीने टोमणा मारायचे.

मग एका संध्याकाळी टीव्हीतला माणूस म्हणाला, "बरंय, येतो मी," आणि स्वयंपाकघरातून उत्तर आलं नाही.

चंदनबाला दारात उभ्या होत्या. हातात लाटणं होतं, पण कणिक केव्हाच संपली होती.

"काय गं, आज पाहुण्याला या म्हणाली नाहीस?"

"आता म्हणणार न्हाई. तुमीबी म्हणू नका."

"का?"

"तो निघाला न्हाई."

मगदूमांनी कपाळाला हात लावला. चंदनबाला मात्र आवाज न चढवता बोलत राहिल्या. त्या आवाज चढवत नसत, आणि मगदूमांना त्याचाच जास्त राग येत असे.

"निघणारा माणूस येतो म्हणतोय, मग चपला घालतोय. घालताना पाय घासतोय, घसाघसा. मग जिन्यावर आवाज लांब लांब जातोय. बरोबर?"

"बरं."

"हा येतो म्हणला की मग टप्प, टप्प. दोन वेळा. चपला काढल्यावर वाजतंय तसं. घासल्याचा आवाज न्हाई, जिना उतरल्याचा न्हाई." त्यांनी लाटण्याने बाहेरचं दार दाखवलं. "पयल्यांदा फाटकात होता. मी या म्हणलं, तर दुसऱ्या दिशी जिन्यात वाजला. परत म्हणलं, तर दारात. आता दारातच उभा हाय. मी रोज त्याला घरात बोलवत हुते, आवं. मला वाटलं, जातोय."

टीव्हीत पंखा खट करत होता. मगदूमांनी वर पाहिलं. त्यांच्या हॉलमधला पंखा बंद होता.

"मूर्खपणा आहे," ते म्हणाले. "वाढतं वय आहे."

"माझं का तुमचं?"

"टीव्हीचं."

"कुणाला तरी देऊन टाका. न्हाईतर फोडा. मी त्या खोलीत बसणार न्हाई."

"वॉरंटी शिल्लक असताना?" मगदूम ओरडले. "त्या लोकांना मोकळं सोडू? मेकॅनिक आल्याशिवाय हा टीव्ही भिंतीवरून हलणार नाही."

कंपनीला धडा शिकवायचा, हे त्यांनी ठरवलं होतं. बायको हॉलमध्ये यायची थांबली, याची नोंद त्यांनी घेतली. पण कार्यवाही केली नाही.

५

कृष्णात मेकॅनिक कुपवाडहून मोटरसायकलवर आला, तोही दिवस कलल्यावर. आल्या आल्या त्याने चहा होईल का विचारलं, मग टीव्ही.

"अंधार करा साहेब, टॉर्च मारून बघतो."

"मी मारलेला आहे. बॅकलाइट गेलाय. तुला पट्ट्या बदलायच्यात."

"बघू द्या की. सगळेच म्हणत्यात बॅकलाइट." तो बूट न काढता चटईवर मांडी घालून बसला आणि त्याने टॉर्च तिरका धरला. "हां. चित्र हाय. हॉल हाय कसला तरी. सिरियल लागलीया."

"डबा काढलेला आहे," मगदूम म्हणाले.

कृष्णातने मागे हात घालून पाहिलं. वायर एकच होती. "मग रिफ्लेक्शन. काच हाय न्हवं, तुमचाच हॉल दिसणार."

ते पटण्यासारखं होतं. गोलात सोफ्याचा हात होता, तसाच सोफा मगदूमांच्या पाठीशी होता. खिडकीचा पडदा होता, तसाच पडदा होता. मगदूमांना बायकोला बोलावून हे दाखवावंसं वाटलं. प्रतिबिंब. एका शब्दात निकाल.

कृष्णातचा टॉर्च सरकत बाहेरच्या दाराशी गेला. दार उघडं होतं.

मगदूमांनी मागे वळून पाहिलं. दार बंद होतं. कडी घातलेली होती.

"परत त्या दारावर मार," ते म्हणाले.

"दाराचं काय हाय साहेब त्यात? पट्ट्याच गेल्यात, पण आता पट्ट्या मिळत न्हाईत ह्या मॉडेलच्या. पॅनलच बदलायला लागंल. आणि पॅनलपरीस नवीनच घेतलेला बरा. आपल्या वळखीत एक दुकान हाय…"

मगदूमांच्या कानशिलावरची शीर उडू लागली. एवढे दिवस. ती गाणी, ती महत्त्वाची बाई, तो बंद करून चालू करणारा मुलगा, आणि अखेर हा, बूट घालून चटईवर बसून दुकान सांगणारा.

"तू दुरुस्त करायला आलायस की विकायला?"

"तापू नका साहेब. कंपनीला विचारतो, पार्ट मागवतो." कृष्णातने पेचकस पिशवीत टाकला. "बरंय, येतो मी."

त्याच क्षणी, त्याच शब्दांत, टीव्हीतही ते म्हटलं गेलं. इतकं जवळून की कृष्णात हसला. "बघा, स्पीकर कसला खणखणीत हाय."

"या," मगदूम गरजले. "या, या एकदाचे."

स्वयंपाकघरात काही तरी पडलं. चंदनबाला दारात आल्या. त्यांचा चेहरा पाहून मगदूमांचा राग अर्ध्यावर राहिला.

"काय म्हणलासा?"

"याला म्हटलं. मेकॅनिकला."

कृष्णात अजून चटईवरच होता. बुटांच्या नाड्या बांधलेल्या होत्या. तरी टप्प आवाज झाला, आणि मग दुसरा. टीव्हीत कडी वाजली, आणि त्या टीव्हीतलं सगळं, पंखा, भांडी, खुर्च्या, एकदम गप्प झालं.

कृष्णातने बटणं दाबून पाहिली. "घ्या. आता आवाज बी गेला. वर्कशॉपलाच न्यायला लागतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला आणि टीव्ही कुपवाडला गेला.

६

भिंतीवर नुसते खिळे उरले. मगदूमांना वाटलं, सुटलो. आता बायको हॉलमध्ये येईल, दोघं बसू, बोलू. काय बोलायचं ते आठवावं लागलं असतं, पण बोललो असतो.

दिवस मावळायच्या आत जेवणं झाली. बाहेर उजेड कमी होत गेला. मगदूम आपल्या खुर्चीत पेपर घेऊन बसले.

सोफ्याची स्प्रिंग कुरकुरली.

जुना सोफा आहे, ते मनात म्हणाले. दिवसभर तापतो, संध्याकाळी आवळतो. लाकडाचं असंच असतं. त्यांनी पान उलटलं. कुणी तरी घसा साफ केला, परक्या घरात करतात तसा, तोंडावर हात धरून.

"भाऊसो," मगदूम छताकडे बघून ओरडले.

वरून काही आलं नाही. स्वयंपाकघरातून मात्र चंदनबालांचा आवाज आला, अगदी हळू.

"पाणी विचारलासा का?"

"कुणाला?"

"आल्यात त्यांना."

मगदूमांनी सोफ्याकडे पाहिलं. सोफा रिकामा होता. खोलीत दिवा लावायला हवा होता. तो त्यांनी लावला. सोफा आणखी रिकामा दिसला. आणि त्या रिकाम्या सोफ्यावर कापडावर कापड घासलं गेलं, बसल्या जागी कुणी तरी ताठ झाल्यासारखं.

आवाज आहे, चित्र नाही. त्यांनी स्वतःच केलेलं निदान होतं ते.

दिवा बंद करून त्यांनी टॉर्च घेतला. ही भीती नाही, राग आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि ते बरंचसं खरंही होतं. आपल्या घरात, आपल्या सोफ्यावर, न विचारता. त्यांनी टॉर्च सोफ्याच्या पाठीला टेकवला आणि तिरका केला.

ताटाएवढ्या गोलात दोन गुडघे होते. जवळ जवळ घेतलेले, राखाडी. गुडघ्यांवर दोन हात, बाह्यांची बटणं लावलेली. साहेब आत आहेत, बसा, असं सांगितल्यावर माणूस बसतो तसं ते बसणं होतं. अशी कितीतरी माणसं मगदूमांनी बाकावर दिवसदिवस बसवून ठेवली होती, आणि ती कधी कंटाळून निघून गेली नव्हती.

टॉर्च थोडा वर गेला. खांदा दिसला. मान दिसली. ती मगदूमांकडे वळलेली नव्हती. स्वयंपाकघराच्या दाराकडे वळलेली होती, जिथे चंदनबाला उभ्या होत्या.

त्याच्यापुढे मगदूमांनी टॉर्च नेला नाही.

"चालते व्हा," ते म्हणाले. "ऐकू येतंय का? चालते व्हा माझ्या घरातून."

सोफ्यावर हालचाल झाली नाही. बाहेरच्या दारापलीकडे, जिन्यात, दुसराच एक आवाज आला. थोडा जाड, पण तितकाच सभ्य.

"बरंय, येतो मी."

मगदूमांनी ओठ घट्ट दाबले. चंदनबालांनी पदराचा बोळा तोंडात धरला. दोघांपैकी कुणीही काही बोललं नाही. म्हणाला तो सोफ्यावरचा. सावकाश, घरच्या माणसासारखा.

"हां, या."

टप्प. टप्प. कडी तशीच असताना कडी वाजली. मग सोफ्याची स्प्रिंग कुरकुरली, कुणी तरी सरकून जागा करून दिल्यासारखी.

७

सकाळी चंदनबालांनी पिशवी भरली. कीर्तीला फोन केला, येतेय म्हणून नाही, स्टँडवर ये म्हणून. खाली रिक्षा उभी होती.

मगदूम पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभे होते. हॉलचं दार लोटलेलं होतं. सकाळी आत काही नव्हतं. निदान ऐकू येत नव्हतं.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"ती माणसं हायेत तवर."

"आणि मी?"

"तुमीबी चला."

"मी घर सोडू? त्यांना?" त्यांचा आवाज चढला. "हे घर माझ्या फंडातून झालंय. मी का जाऊ?"

"मला ठाऊक हुतं, तुमी असंच म्हणणार." चंदनबालांनी त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं. "तुमीच बोलावलासा, आता तुमीच बघा त्यांना काय सांगायचं ते. गोळ्या डब्यात हायेत. दिवसाउजेडी जेवत जा."

त्या दाराशी गेल्या. चपला घातल्या, पाय घासल्याचा आवाज झाला. मगदूम वाट बघत उभे राहिले. घरातून निघालेलं माणूस उंबऱ्यावर थांबून एक शब्द म्हणतं, दुसरं त्याला एक शब्द म्हणतं. किराणा आणायला जातानाही त्या तो शब्द म्हणायच्या आणि मगदूम पेपरातून मान वर न काढता उत्तर द्यायचे. आज ते मान वर करून उभे होते.

चंदनबालांनी लोटलेल्या दाराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"जाते मी," त्या म्हणाल्या.

लग्न झाल्यापासून हे त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. या शब्दाला काय उत्तर द्यायचं असतं, ते मगदूमांना माहीत नव्हतं. रिक्षा वळेपर्यंत ते तसेच उभे राहिले.

८

आवक झालेल्या प्रत्येक गोष्टीची जावक व्हावी लागते, हे मगदूमांना चाळीशीच्या आतच कळलं होतं. ज्या वाटेने ती माणसं आली, ती वाट भिंतीवर परत लावल्याशिवाय ती जायची नाहीत, आणि ती गेल्याशिवाय चंदनबाला यायच्या नाहीत. त्यांनी कंपनीकडे अर्ज केला: माझा टीव्ही आहे त्या स्थितीत परत करावा. पट्ट्या बदलू नयेत. पॅनल बदलू नये. कोणत्याही प्रकारे दुरुस्त करू नये.

तक्रार केंद्रातल्या मुलाने संध्याकाळी तो फोनवर दोनदा वाचून घेतला. "सर, तुम्हाला नवीन टीव्ही मंजूर झालाय. फ्री. खराब सेट परत कशाला हवा?"

"तू लिहून घे."

"सर, असा ऑप्शन नाहीये सिस्टीममध्ये."

मगदूम त्याच्यावर जितकं ओरडता येईल तितकं ओरडले. मग हॉलकडे कान देऊन गप्प झाले. आतली बोलणी थांबली होती. ती माणसं ऐकत होती.

कृष्णातला फोन लावला तर तो म्हणाला, "आवं साहेब, सेट हितंच हाय कोपऱ्यात. पण कंपनीचं पत्र आल्याबिगर मी देऊ कसा? तुमीच सांगा, तुमी सरकारी माणूस."

मगदूमांनी फोन ठेवला. हे वाक्य त्यांनी स्वतः आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं.

सद्यःस्थिती पुढीलप्रमाणे. मंजूर झालेला नवीन टीव्ही खोक्यासह पॅसेजमध्ये आहे. खोके उघडलेले नाही. अर्जदार स्वयंपाकघरात राहतात. संध्याकाळनंतर हॉल वापरात नाही. तेथे एकूण किती जण आहेत याची मोजणी करण्यात आलेली नाही, परंतु सोफा पुरत नसावा, कारण अलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. सौ. चंदनबाला मगदूम साताऱ्यास आहेत. त्या दुपारी फोन करतात आणि जेवलात का, असे विचारतात. निकाल लागला का, असेही विचारतात.

जुना टीव्ही दुरुस्त न करता परत मिळणेबाबतच्या अर्जावर अद्याप निर्णय झालेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.